दार आडवं होतं तेव्हा

जुनं दार चौकटीत असतं तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तेच काढून भिंतीला टेकवलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात टेबल दिसू लागतं. हरकत नाही, फक्त आधी ते वाजवून बघावं. सगळीकडे ढबढब आवाज आला तर आत पुठ्ठ्याची जाळी. लाकूड म्हणाल तर कडेच्या पट्टीपुरतं. त्यात पायांचे स्क्रू धरत नाहीत. असल्या दाराच्या नादी लागू नये.

भरीव लाकडाचं, पॅनलचं, म्हणजे जाड पट्ट्यांच्या सांगाड्यात पातळ फळ्या बसवलेलं दार असेल तर मजा आहे. रंध्याआधी चुंबक फिरवायचं, कारण रंगाखाली मोडका खिळा दडलेला असला तर पात्याला खांडा पडतो. बारीक भोकं दिसली तर दाराखाली काळा कागद अंथरून काही दिवस थांबायचं. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडत राहिला, तर कीड जिवंत आहे. दार घरात आणू नये. रंग मात्र कोरडा घासू नका. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. रंग काढायचं रसायन लावून, ओला असतानाच खरवडावा.

पॅनल हलतात म्हणून फटीत गोंद भरणारे हौशी पुष्कळ. अहो, ती मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात! लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. जखडलेलं पॅनल कोरड्या हवेत मधोमध तडकतं.

बिजागरीच्या खाचा पुटी भरून लपवण्यापेक्षा तशाच सोडाव्यात. बुजवायच्याच असतील तर त्याच लाकडाचा तुकडा, रेषा त्याच दिशेला ठेवून.

पॅनलच्या खोलगट भागात खरकटं साचतं, म्हणून वर काच हवी. 8 मिलिमीटरची टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच 200 बाय 80 सेंटिमीटर घेतली तर तिचंच वजन 32 किलो भरतं, तेव्हा पाय काडीसारखे नकोत. एकूण उंची 75 सेंटिमीटर धरली आणि दार साडेतीन सेंटिमीटर जाड असलं, तर पाय साधारण 70 चे. जुनं दार काटकोनात असेलच असं नाही. दोन्ही कर्ण मोजून मगच काचेचं माप द्यावं. कुलपाच्या भोकातून दिव्याची वायर न्यायची असेल, तर काचेलाही तिथेच भोक लागेल, आणि ते आधीच सांगायला हवं. टफन्ड झालेल्या काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो.