मचूळ विहीर, तुंबलेला शोषखड्डा आणि घंटागाडी

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीत पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची रजिस्टरे तीन असली, तरी जमीन एकच असते. वर सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, उतारावर वाड्या, खाली माडा-पोफळीची आगरे आणि शेवटी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. सड्यावरचा पाऊस जांभ्याच्या भेगांतून झिरपत खाली येतो, वाटेत घराघरांच्या शोषखड्ड्यांतले आणि उकिरड्यांतले जे मिळेल ते सोबत घेतो आणि आगरातल्या विहिरीत उतरतो. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावाचा पाणीपुरवठा समजून घ्यायचा असेल, तर नळाजवळ उभे राहून उपयोग नाही. विहिरीपासून वरच्या अंगाला शंभर-दोनशे मीटर चालत जावे आणि काय काय दिसते ते कागदावर काढावे. हा नकाशा ज्या गावाने केलेला नाही, त्या गावाच्या योजनेवर माझा विश्वास बसत नाही.

आधी खाऱ्या पाण्याचे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात, कारण जांभा पाणी झटकन घेतो आणि तितक्याच झटकन सोडून देतो. पुळणीजवळच्या विहिरीत गोडे पाणी असते ते खाऱ्या पाण्यावर तरंगणारा थर म्हणून. गोडे पाणी हलके, समुद्राचे जड. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी तोललेले असते. याचा उलटा अर्थ भयंकर आहे: उपसा करून पातळी अर्धा मीटर उतरवली, तर खालचे खारे पाणी कालांतराने वीस मीटर वर सरकू शकते.

म्हणूनच उन्हाळ्यात विहीर आटली की ती आणखी खोल मारणे हा किनाऱ्यावरचा सर्वात महागडा चुकीचा उपाय आहे. तळ खाऱ्या थराच्या जवळ जातो आणि विहीर कायमची मचूळ होते. खाडीच्या कडेला विंधन विहीर मारण्याचेही तेच. त्यापेक्षा विहीर उथळ ठेवून रुंद करावी, किंवा शेजारी दुसरी उथळ विहीर पाडून उपसा दोन्हींत वाटून द्यावा. पंप सलग सहा तास चालवण्याऐवजी दोन तास चालवून तीन-चार तास विश्रांती द्यावी.

हे सगळे डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजणारा हातात धरायचा मीटर काही शे रुपयांत मिळतो. पंप सुरू करताना एक नोंद, बंद करण्याआधी एक नोंद, आणि महिन्यातून दोनदा उधाणाच्या दिवशी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा ३५,००० च्या घरात. म्हणजे शंभर लिटरमध्ये दोन लिटर समुद्र मिसळला तरी ७०० ची भर पडते. सुरू करताना ४०० आणि बंद करताना ६५० असे दिसू लागले, की विहीर सांगतेय उपसा कमी करा. उकळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून खारटपणा जात नाही, आणि एकदा चढलेला खारटपणा उतरायला किमान एक चांगला पावसाळा लागतो.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हा विषय गावोगाव उरकून टाकला जातो. जलसुरक्षकाला, म्हणजे गावाचे पाणी शुद्ध करणाऱ्या माणसाला, पोते दिले की काम झाले, असे नव्हे. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. समुद्राकडच्या दमट हवेत उघडे पोते ठेवले तर तो भराभर उडतो, आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर पाण्यात टाकणे म्हणजे चुना टाकणे. पोते आणले की झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओतावे, पिंप लाकडी फळीवर आणि अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवावे. पंपाच्या स्टार्टरच्या खोलीत मात्र कधीही नको. क्लोरीनच्या वाफेने स्टार्टरची तांब्याची टोके हिरवी पडतात आणि मग पंप बंद पडल्याचे खापर विजेवर फुटते.

प्रमाण साधे आहे: १,००० लिटरला ५ ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. विहिरीसाठी व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, उत्तर घनमीटरमध्ये येते. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण ३७,७०० लिटर, म्हणजे १९० ग्रॅम. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरावी आणि दहा-पंधरा मिनिटे निवळू द्यावी. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती दोरीने विहिरीत सोडावी, पाण्याखाली वर-खाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत ओतायचा नाही. नंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचे नाही.

मग ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातला क्लोरीन तपासणे. चाचणी टाकीखालच्या नळावर घेऊन रजिस्टर भरणे ही सर्रास चालणारी फसवणूक आहे आणि ती गावाच्या मुलांच्या पोटावर येते. ओटी घ्यायची ती गावातल्या सर्वात शेवटच्या नळावर. थेंब टाकल्याबरोबर पिवळा रंग आला आणि तक्त्यावर ०.२ किंवा जास्त दिसले, तर पाणी सुरक्षित. रंग सावकाश पाच मिनिटांनी चढला तर तो मोकळ्या क्लोरीनचा नव्हे. टाकीवर पिवळा येतो आणि शेवटच्या नळावर काहीच नाही, याचा अर्थ वाटेत नळीत घाण शिरतेय.

ती शिरते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. कोकणातल्या बहुतेक योजना दिवसातून तास-दोन तास पाणी सोडतात. उरलेला वेळ नळी रिकामी असते. पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या गल्लीच्या, कडेने जाणारी पीव्हीसी नळी बऱ्याच ठिकाणी गटारातूनच ओलांडलेली असते, जोडाला सुतळी गुंडाळून वर रबरी ट्यूब बांधलेली. पाणी असते तेव्हा त्या जोडातून बाहेर गळते, तेव्हा दिसते. पाणी बंद झाले की तेच भोक गटारातले पाणी आत ओढते, तेव्हा दिसत नाही. त्यात खालच्या आळीतल्या कोणी नळाला थेट मोटर लावली की ओढ दुप्पट. उपाय महाग नाहीत: गटार ओलांडताना नळी वरून न्यावी आणि तेवढ्या लांबीवर जाड संरक्षक पाईप घालावा, ट्यूबचे जोड कापून कपलिंग बसवावे, थेट मोटर दिसली की जोडणी तोडावी. शेवटचे काम ग्रामसभेत नाव न घेता बोलून होत नाही, व्हॉल्व्हमनला सरपंचाची लेखी पाठराखण लागते.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांची स्वच्छता तपासणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे रोगाची साथ नसेल तर चंदेरी. कार्डाच्या रंगापेक्षा तपासणीचा कागद मागून घ्या. विहिरीचा कठडा फुटलाय, सांडपाणी पंधरा फुटांवर साचते, असे नेमके त्यात लिहिलेले असते.

आता सांडपाणी. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून माणशी रोज ५५ लिटर हा आकडा सर्वांना पाठ आहे. पण नळाने आलेल्या पाण्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, हे कोणी सांगत नाही. हजार वस्तीच्या गावात रोज ५५,००० लिटर दिले तर ४४,००० लिटर कुठेतरी जाणार. पूर्वी विहिरीवरून दोन कळशा येत तेव्हा परसातली केळ ते पिऊन टाकत असे. आता ते पाखाडीवरून वाहते.

न्हाणी आणि मोरीच्या पाण्याला घरटी एक मीटर लांब-रुंद-खोल शोषखड्डा पुरतो. तळाला डोक्याएवढे दगड, मग नारळाएवढे, वर मुठीएवढे. मधोमध तळाला भोके पाडलेला माठ ठेवून त्यात नारळाच्या शेंड्या भराव्यात, पाणी आधी त्यात पडावे. चरबी आणि खरकटे शेंड्यांत अडकते, महिन्या-दीड महिन्याने शेंड्या बदलल्या की खड्डा वर्षानुवर्षे चालतो. माठ वगळला तर पहिल्याच वर्षी दगडांवर साबणाचा थर बसून खड्डा तुंबतो. मासळीचे हात धुतलेले पाणी जाते तिथे तर दोन माठ ठेवा.

शौचालयाच्या खड्ड्याचे नियम मात्र पुळणीवर आणि जांभ्यावर वेगळे. पुस्तकात विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर सांगतात. मातीत ते ठीक. जांभ्यात पाणी मातीसारखे गाळून जात नाही, भेगेतून नळासारखे धावते, त्यामुळे विहिरीच्या वरच्या अंगाला तीस मीटरवरही खड्डा नकोच. पुळणीवर अडचण दुसरी: पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर येते. खड्ड्याचा तळ पाण्यात बुडाला की मैला थेट भूजलात. तिथे खड्डा उथळ करून जमिनीवर दोन फूट उचलावा आणि भोवती भराव घालावा, किंवा बंद सेप्टिक टाकी बांधून तिचे पाणी उंच केलेल्या वाळूच्या थरात सोडावे. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल, तर एक भरल्यावर चेंबरमधली वाट बदलून पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा, मग आतून निघते ते सुके खत. दोन्ही खड्डे एकदम सुरू ठेवलेली घरे खूप आहेत, बांधणाऱ्या गवंड्याने चेंबरमध्ये आडवी वीट लावायची राहिलेली असते. झाकण उचलून बघा, पाच मिनिटांचे काम.

सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, तळाचा गाळ एक तृतीयांशावर गेला की. उपसायची ती मार्च-एप्रिलमध्ये. भर पावसात रिकामी केलेली टाकी भूजलाच्या दाबाने वर उचलली जाते, भिंतीला चीर पडते आणि ती चीर कोणाला दिसत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. मैला उपसणारी गाडी पाखाडीत शिरत नाही, तेव्हा टाकी बांधतानाच रस्त्यापासून पाईप पोचेल अशी जागा धरावी. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी तर हे आधी बघावे: चार माणसांची टाकी मे महिन्यात बारा माणसे वापरतात, वर रोज अॅसिड आणि फिनेल ओतले जाते, आतले जिवाणू मरतात आणि न कुजलेला मैला शोषखड्ड्यात पोचतो.

कचऱ्यासाठी वेंगुर्ले नगरपरिषदेकडे बघावे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात या छोट्या बंदराच्या शहराने कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली, ओल्यावर बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात, सुक्या पाल्याच्या कांड्या, आणि जुन्या डंपिंगच्या जागी लोक बघायला येतात अशी जागा उभी केली. त्यात शिकण्यासारखे यंत्र नव्हे, क्रम आहे: आधी घरात वेगळे करणे, मग गाडी, मग जागा. बहुतेक ग्रामपंचायती उलट करतात, आधी घंटागाडी घेतात आणि मिसळलेला कचरा खाडीच्या कडेला नेऊन ओततात. पहिल्या मोठ्या उधाणाला तो गावात परत येतो.

झावळ्या आणि नारळाची सोडणे हा कचरा नव्हेच, तो चुलीचा आणि माडाच्या आळ्याचा माल. खरा प्रश्न मासळीच्या खवल्या-आतड्यांचा, कारण ते पुरले की कुत्री उकरतात आणि पुळणीत पुरले की भूजलात जातात. जमिनीवर विटांची जाळीदार पेटी बांधावी, एक पाटी मासळीला तीन पाट्या सुका पाला किंवा भाताचे तूस, वर अर्धा फूट पाला आणि लोखंडी नव्हे, नायलॉनची जाळी. लोखंड खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढत नाही, घंटागाडीची पेटीसुद्धा फायबरची घ्यावी.

पैशांची सबब अर्धीच खरी असते. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. हजार वस्तीला २,८०,००० रुपयांत शंभराहून जास्त शोषखड्डे होतात. पैसा कमी पडतो तो चालवण्याला: जलसुरक्षकाचे मानधन, टीसीएल, वीजबिल. ते पाणीपट्टीतूनच यावे लागते. पट्टी थकली की बिल थकते, वीज तुटते, नळी आठ-दहा दिवस रिकामी राहते आणि गटाराशी तिची गाठ पडते. अशा वेळी पंप सुरू झाल्यावर पहिले पाणी वॉश-आउट, म्हणजे नळीतले घाण पाणी बाहेर काढायचा व्हॉल्व्ह, उघडून पूर्ण सोडून द्यावे, पहिल्या दोन दिवशी टीसीएल दुप्पट टाकावी आणि शेवटच्या नळावर ओटीचा पिवळा रंग दिसेपर्यंत दवंडी द्यावी की पाणी उकळूनच प्या.