आमची वाटचाल : तक्त्याचे रकाने वाढत गेले

घरी आणि लहान रुग्णालयांत सिस्टर पुरवायचं काम सुरू केलं तेव्हा आमच्या तक्त्यात दोनच रकाने होते: पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली. पुढचा एकेक रकाना आकडे फसवायला लागले म्हणून आला.

पहिला वजनाचा. घाम, ताप, जुलाब मापात बसत नाहीत, काट्यावर मात्र दिसतात. सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीआधी, तोच काटा, तेवढेच कपडे. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते साधारण लिटरभर पाणीच. मांस काही रात्रीत चढत नाही. ओल्या डायपरमधून कोऱ्याचं वजन वजा केलं की १ ग्रॅमला १ मिलिलिटर. चघळायला दिलेला बर्फ मोजताना निम्मा धरायचा. लघवी तासाला दर किलोमागे ०.५ मिलिलिटरच्या खाली गेली की लगेच डॉक्टरांना फोन. अंगातलं पाणी कमी झालंय का ते पाहायला म्हाताऱ्या माणसाच्या हातावरची कातडी ओढून पाहू नका, ती सैलच असते. छातीच्या हाडावर पाहा.

पोटॅशियम रक्तात फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून त्याला तक्त्यात वेगळी जागा आहे. सलाइन टांगलेली असताना पिशवीत पोटॅशियमचं औषध टोचलं तर ते जड असल्यामुळे तळाशी, नळीच्या तोंडापाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्ट मात्रा शिरेत जाते. म्हणून पिशवी उतरवायची, औषध घालून आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, मग टांगायची. हातातल्या शिरेतून वेग तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंतच (पोटॅशियम मोजायचं एकक), तोही सलाइनचा वेग राखणाऱ्या पंपावर. सिरिंजने थेट तर कधीच नाही. हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर नसलेल्या घरी आम्ही ही सलाइन लावतच नाही. नातेवाईक रागावतात, रागावू देत.

‘रक्त कसं काढलं’ हाही रकाना आहे. मूठ उघडझाप करायला लावली, टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवलं किंवा सिरिंज जोरात ओढली, तर ५ च्या आत असलेलं पोटॅशियम रिपोर्टात ६ दिसू शकतं. तरी ‘नमुनाच बिघडला असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. डॉक्टरांना कळवून ईसीजी आणि दुसरा नमुना. उलट, पोटॅशियम देऊनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासलंय का ते विचारायचं, कारण ते कमी असलं की पोटॅशियम टिकत नाही.

शेवटचा रकाना स्वयंपाकघराचा: मीठ कोणतं? कमी सोडियमच्या मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अधू असलेल्या, त्यात स्पायरोनोलॅक्टोन (अंगात पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) घेणाऱ्या पेशंटच्या घरी तो डबा दिसला, की सिस्टर आधी डॉक्टरांना विचारतात, मग पुढचं काम.