पहिल्या 200 किलोमीटरच्या बीआरएमसाठी नवी सायकल आणि तीन महिने

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, शर्यत नव्हे. 200 किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे ताशी पंधराहूनही कमी वेग, आणि त्यात चहा, जेवण, पंक्चर, सिग्नल सगळं धरलेलं. सपाट रस्त्यावर ताशी वीसने सायकल चालवणाऱ्याला प्रत्यक्ष चालवायला दहा तास लागतात आणि साडेतीन तास हातात राहतात. त्यामुळे पहिल्या बीआरएमची तयारी वेगाची करायची नसते. दहा तास सायकलवर बसता आलं पाहिजे, दहा तास पोटात अन्न राहिलं पाहिजे आणि मध्ये सायकलने दगा देता कामा नये. नवी सायकल घेतानाही विचार याच क्रमाने करावा. दुकानात मात्र तो बहुधा उलटा होतो: आधी वजन, मग रंग, मग गिअर किती आणि सगळ्यात शेवटी माप.

म्हणून माप पहिलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, एक जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये सॅडलसारखं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. हा इनसीम. त्याला 0.883 ने गुणलं की क्रँकच्या (पॅडल ज्याला लागतं त्या दांड्याच्या, तो जिथे फिरतो तिथल्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचा पहिला अंदाज मिळतो. इनसीम 80 सेंटिमीटर असेल तर 70.6. पुढे दर वेळी तीन-चार मिलिमीटरच वरखाली करायचं, एकदम सेंटिमीटरभर नाही. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक राहिला पाहिजे. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सॅडल खाली आहे किंवा गिअर जड पडतोय. मागून दुखला तर सॅडल वर गेलंय. बाहेरच्या बाजूने दुखला तर आधी क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या पॅडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, कोन तपासा.

सॅडलची उंची कुठल्याही फ्रेमवर जमवता येते, हँडलपर्यंतचं अंतर तसं जमत नाही. स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, बदलून दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, त्यापलीकडे सायकल चुकीच्या मापाची आहे असंच समजावं. दोन मापांच्या मधे अडकलात आणि लांबच बसायचं असेल तर मी लहान माप सुचवेन. लहान फ्रेमला लांब स्टेम लावून चालतं, मोठ्या फ्रेमवर मात्र हात कायम ताणलेले राहतात. रेसच्या फ्रेमपेक्षा एंड्युरन्स फ्रेम घ्यावी, कारण तिचं हँडल थोडं वर असतं आणि आठव्या तासाला मान व कंबर त्याबद्दल आभारच मानतात. टायर निदान 28 मिलिमीटरचे हवेत, फ्रेममध्ये 32 बसत असतील तर फारच उत्तम. आपल्या राज्यमार्गांवरचे खड्डे, डांबराचे उंचवटे आणि गावागावांतले स्पीडब्रेकर 23 च्या टायरवर दिवसभर सोसवत नाहीत.

गिअरबाबत एकच हिशेब करून बघावा. पुढच्या दोन चक्रांना 50 आणि 34 दाते आणि मागच्या चक्रांना 11 ते 32 दाते असतील (50/34 आणि 11-32) तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे धरले तर वेग ताशी 8. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट दहा-बारा किलोमीटरचा आहे आणि चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. असा घाट या गिअरमध्ये बसल्या बसल्या चढता येतो. मागे 28 चंच मोठं चक्र असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी 9 च्या वर वेग ठेवावा लागतो. दमलेल्या पायांना ते झेपत नाही, फेरे पन्नासच्या खाली येतात आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. शिमानोच्या क्लॅरिस किंवा सोरा या स्वस्तातल्या ग्रुपसेटच्या (गिअर-ब्रेकच्या संचाच्या) सायकलीत मागे 32 किंवा 34 चं चक्र सहज मिळतं. वरच्या ग्रुपसेटला जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते चांगले टायर, दिवे आणि बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे आणि आत गादी असलेली सायकलची चड्डी) यांवर खर्च करावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सायकल घरी आली की लगेच लांब जाऊ नका. आधी सगळे बोल्ट तपासा. स्टेम आणि सीटपोस्टचे (सॅडलच्या दांडीचे) बोल्ट साधारण 5 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, नेमका आकडा त्या भागावरच छापलेला असतो. कार्बन सीटपोस्ट असेल तर टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) हवाच. पॅडल ग्रीस लावून बसवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे विसरलं की जबरदस्ती होते आणि क्रँकचे अॅल्युमिनियमचे आटे जातात. आणि पॅडल सैल राहिलं तरी पन्नास-साठ किलोमीटरमध्ये तेच होतं. डिस्क ब्रेक असतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक दाबा. पॅड आणि रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) एकमेकांत बसत नाहीत तोवर पकड अर्धीच असते, आणि हे घाटाच्या उतारावर कळायला नको.

पहिल्या 150-200 किलोमीटरनंतर दोन गोष्टी हमखास होतात. गिअरच्या केबलची बाहेरची नळी जागेवर दबून बसते, मग केबल सैल पडल्यासारखी होते आणि गिअर बदलताना चेन अडखळते. डिरेलरपाशी, म्हणजे चेन चक्रांवर सरकवणाऱ्या भागापाशी, असलेला केबल ताणायचा बॅरल अॅडजस्टर अर्धा-एक फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. दुसरं म्हणजे चाकाच्या तारा बसतात आणि रिम हलकी डोलू लागते. दुकानात नेऊन रिमचा आउट काढून घ्या. पहिल्या सर्व्हिसिंगला बरेच जण नुसतं धुऊन-पुसून सायकल परत आणतात आणि आउट तसाच राहतो, मग हजारेक किलोमीटरनंतर मागच्या चाकाची तार तुटते. मागच्याच चाकाची, कारण भार तिकडे जास्त.

टायरमधली हवा हा विषय लोक फार हलक्यात घेतात. सत्तर किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये पुढे 65 आणि मागे 75 पीएसआय पुरते. 32 असतील तर पुढे 50-55, मागे 60-65. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरली की सायकल प्रत्येक खडीवर उडते, हात सुन्न होतात आणि वेगही वाढत नाही. ट्यूबला प्रेस्टा (बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला) व्हॉल्व्ह असेल तर पितळेचं छोटं अडॅप्टर कायम जवळ ठेवा, त्याशिवाय पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरता येत नाही.

पंक्चर झालं की भोक कुठे आहे ते आधी पाहा, कारण त्यावरून कारण कळतं. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिमच्या आतली ट्यूब वाचवणारी पट्टी) सरकलीय, नवी ट्यूबही तिथेच फाटेल. बाहेरच्या बाजूला बारीक टोचलेलं असेल तर बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरची केसासारखी तार. ती तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा, तो जिथे अडकतो तिथे ती असते. ती न काढता ट्यूब बदलली तर दहा मिनिटांत पुन्हा खाली उतरावं लागतं. जवळ दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, दोन टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल आणि चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. घरी बसून मागचं चाक काढायचा आणि बसवायचा सराव करा, अंधारातसुद्धा. बीआरएममध्ये मदतीची गाडी मागे ठेवता येत नाही, घरच्यांनी मदत केली तर ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या ठरलेल्या ठिकाणी, चालते.

आता बसण्याचं. सॅडल मऊ असण्याशी आरामाचा फारसा संबंध नाही, रुंदी जुळली पाहिजे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर गुडघे वर घेऊन जोर देऊन बसा, बुडाच्या दोन हाडांचे खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतल्या अंतरात 20-25 मिलिमीटर मिळवले की सॅडलची रुंदी मिळते. मग फोनमधल्या लेव्हलने सॅडल सपाट करा. नाक खाली झुकलं की माणूस पुढे घसरत राहतो आणि अंगाचा भार तळव्यांवर येतो. करंगळी आणि अनामिका बधिर होतात त्या याच कारणाने, तळव्यातली अल्नर नस दबते. नाक वर असेल तर पुढच्या नाजूक भागात बधिरता येते, आणि तिच्याकडे लाज वाटून दुर्लक्ष करू नये. बिब शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण आणि घाम मिळून कातडी सोलवटते. घासतं तिथे पेट्रोलियम जेली लावा आणि राइड संपली की ओल्या शॉर्ट्सवर गप्पा मारत बसू नका.

सरावासाठी डिसेंबरची बीआरएम धरून सप्टेंबरच्या मध्यापासून सुरुवात करावी. आठवड्यात तीन किंवा चार दिवस पुरतात. खरं काम रविवारच्या लांब राइडचं: पहिल्या महिन्यात 40, 50, 60 आणि चौथ्या आठवड्याला पुन्हा 40. दुसऱ्या महिन्यात 70, 80, 95, मग 60. तिसऱ्यात 110, 130, मग 70, आणि शेवटचा आठवडा बीआरएमचा. 130 किलोमीटर नीट जमलेल्या माणसाला 200 जमतात, त्यासाठी आधी 200 करून बघायची गरज नाही. चौथा आठवडा हलका ठेवायचा कारण शरीर विश्रांतीतच घडतं. तो गाळला की बहुतेकांचे गुडघे दुसऱ्या महिन्यात कुरकुरतात. लांब राइडचा वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. पॅडलचे फेरे मिनिटाला 80 ते 90.

मधल्या वारी एक दिवस तासाभराची निवांत राइड आणि एक दिवस चढाची. जवळ घाट असेल तर आठ-आठ मिनिटांचे चार चढ, मधे उतरताना विश्रांती. पुण्यात त्यासाठी कात्रजचा जुना घाट आहे, सिंहगडाचा रस्ता सुरुवातीच्या महिन्यात नको, तो फार खडा आहे. घाट नसेल तर उड्डाणपूल आणि समोरचा वारा यांवर काम भागतं. वाऱ्याचा सराव तर मुद्दाम करावा, कारण सकाळी पाठीवर असलेला वारा दुपारी परतताना तोंडावर येतो आणि तिथेच वेळेचे हिशेब कोसळतात.

खाण्याचा सरावही रविवारीच करायचा, कारण पोटालाही शिकवावं लागतं. तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, म्हणजे दोन केळी किंवा एक केळं आणि थोडे खजूर, चिक्की, गुळाची पोळी. भूक लागायची वाट पाहिली की उशीर झालेला असतो, म्हणून दर अर्ध्या तासाने दोन घास. चिक्कीतले शेंगदाणे पचायला वेळ लागतो, चढाच्या आधी ती नको, राजगिऱ्याची चालते. दुपारी मिसळ किंवा तळलेले वडे खाऊन लगेच उन्हात निघालं की पोट बंड करतं, दही-भात किंवा उपमा बरा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस, पण पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलाय ना ते पाहून घ्या. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते ऊन लागल्याचं समजून आणखी पाणी पितो. ओआरएसमध्ये लिटरला 13.5 ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते मिठासाठी आहे, जेवणाच्या जागी नाही.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही लावू नका: नवे बूट, नवं सॅडल, नवे टायर, काहीही. चेन पुसून प्रत्येक कडीवर एक-एक थेंब लूब सोडा, थोडा वेळ थांबा आणि बाहेरचं पुसून घ्या. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, त्याला धूळ चिकटून चेन आणि चक्र दोन्ही झिजतात. दिवे पूर्ण चार्ज करा. सकाळी सहाला निघालात तर साडेतेरा तास म्हणजे संध्याकाळचे साडेसात, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून 200 च्या राइडलाही पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट लागतंच.

बीआरएमच्या दिवशी पहिले पन्नास किलोमीटर मुद्दाम हळू जा, झुंडीच्या मागे ओढले जाऊ नका. मधली कंट्रोलंही वेळेत बंद होतात, 100 किलोमीटरचं 6 तास 40 मिनिटांनी. तिथे पोहोचल्यावर क्रम ठरलेला असू द्या: आधी ब्रेव्हे कार्डावर (हजेरीच्या कार्डावर) शिक्का, मग बाटल्या भरणं, मग खाणं, आणि बसलंच पाहिजे असेल तर शेवटी. दहा ठिकाणी वीस-वीस मिनिटं थांबलं की तीन तास वीस मिनिटं जातात. जिथे शिक्का मारायला माणूस नसतो तिथे पुरावा म्हणून दुकानाची किंवा एटीएमची वेळ छापलेली पावती मागतात. ती कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण घामाने भिजलेल्या खिशात थर्मल कागदावरचे आकडे पुसले जातात.