तुम्ही विचारलंत म्हणून: मत मिळतं, मग मालकी मिळते का?

मुलुंड पूर्वेला माझं छोटं ऑफिस आहे. जून संपत आला की रिटर्न भरायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि गेली काही वर्षं त्यांतल्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. "काकू, हे टोकन घेतलं की त्या प्रकल्पात मत देता येतं. म्हणजे शेअर घेतल्यासारखंच झालं ना? थोडे पैसे टाकू का?"

समोर फॉर्म सोळा, मागे तिघं ताटकळत, अशात मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि मग रात्री चुटपुट लागते. म्हणून आज सविस्तर सांगते.

गव्हर्नन्स टोकन म्हणजे काय, ते आधी. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली व्यवहारांची वही. तिच्यावर काही व्यवस्था चालतात: कुठे कर्ज मिळतं, कुठे एक नाणं देऊन दुसरं घेता येतं. त्यांचे नियम बदलायचे का, तिजोरीतला पैसा कशावर खर्च करायचा, हे टोकनधारक मतदानाने ठरवतात. जितकी टोकन, तितकी मतं.

याच शेवटच्या वाक्याशी मी अडते, कारण मी सात वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. बेचाळीस फ्लॅट. माझ्या शेअर सर्टिफिकेटवर पन्नास रुपयांचे पाच शेअर लिहिलेत, म्हणजे अडीचशे रुपयांचा कागद. पण त्यामागे माझं घर उभं आहे. सहकार कायद्याने सभासदाला एकच मत असतं, मग त्याचा फ्लॅट वन रूम किचन असो की थ्री बीएचके. सभेला स्वतः यावं लागतं, मत दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. कमिटीने वेडंवाकडं केलं तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, सहकार न्यायालय आहे. सभेत आम्ही पार्किंगवरून कितीही भांडलो तरी या चौकटीच्या आत भांडतो. 'मत मिळतं' हे शब्द मुलं उच्चारतात तेव्हा त्यांच्या मनात नकळत हीच सगळी चौकट असते. टोकनमागे ती नसते.

आधी हिश्श्याचं बघू. युनिस्वॅप ही या जगातल्या सर्वांत नावाजलेल्या व्यवस्थांपैकी एक. तिथे एक नाणं देऊन दुसरं घेता येतं. सप्टेंबर २०२० मध्ये तिने यूएनआय हे टोकन काढलं आणि आधीच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या पत्त्यावर, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या खात्यावर, किमान ४०० टोकन फुकट दिली. व्यवहार प्रचंड, त्यावर शुल्कही मिळत होतं, पण ते शुल्क व्यवहारासाठी नाणी पुरवणाऱ्यांकडे जायचं. टोकनधारकाच्या हाती त्यातला पैसाही येत नव्हता. तरी मे २०२१ मध्ये भाव ४० डॉलरच्या वर गेला, आणि जून २०२२ मध्ये चारच्याही खाली आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'धारकांना वाटा द्यावा' असा नुसता प्रस्ताव आला तर भाव एका दिवसात निम्म्याहून जास्त उसळला. मेअखेर मतदान पुढे ढकललं गेलं. प्रत्यक्ष निर्णय व्हायला २०२५ ची अखेर उजाडली, आणि त्यातही पैसे खात्यात येत नाहीत. टोकन जाळून, म्हणजे कायमची नष्ट करून, पुरवठा कमी केला जातो. मधल्या पाच वर्षांत ज्याने ते घेतलं, त्याने एक आशा घेतली होती. आशेला किंमत असते हे मला मान्य आहे. पण तिला लाभांश समजून वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावणारा मुलगा माझ्यासमोर बसतो तेव्हा मला गप्प बसवत नाही.

त्याच टोकनचं मूळ वाटप पाहा. एकूण १०० कोटी. त्यातली २१ टक्क्यांहून थोडी जास्त संस्थेच्या माणसांना, १८ टक्के गुंतवणूकदारांना, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळी होणारी. अशी टोकन मोकळी झाली की बाजारात येऊ शकतात. तुम्ही घेताना बाजारात फिरणारी टोकनच दिसतात, कुलपातली दिसत नाहीत. तेव्हा कुठलंही टोकन घ्यायच्या आधी त्याचं कुलूप उघडायचं वेळापत्रक शोधा. ते बहुधा जाहीर असतं, फक्त कोणी वाचत नाही.

कधी तर नवी टोकनच छापली जातात. १२ मार्च २०२० ला तारण म्हणून ठेवलेल्या इथर या नाण्याचा भाव कोसळला तेव्हा मेकर या कर्जव्यवस्थेच्या तिजोरीला भगदाड पडलं. ते बुजवायला नवीन एमकेआर टोकन तयार करून लिलावात विकली. नियमात तसं लिहिलेलंच होतं. जुन्या धारकांचा वाटा तेवढा पातळ झाला.

आता मताबद्दल. हा भाग मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो.

समजा, सकाळी दहा वाजता एक अनोळखी माणूस आमच्या सोसायटीतले तीस फ्लॅट उसन्या पैशाने घेतो, सभा भरवतो, सिंकिंग फंड स्वतःच्या नावे करण्याचा ठराव बहुमताने मंजूर करतो, पैसे उचलतो आणि दहा वाजून एक मिनिटाने फ्लॅट परत करून कर्ज फेडतो. इमारतीत हे अशक्य आहे. १७ एप्रिल २०२२ ला बीनस्टॉक नावाच्या व्यवस्थेत नेमकं हेच झालं. तिथे एकाच व्यवहारात घेऊन फेडायचं तारणाशिवायचं कर्ज मिळतं, त्याला फ्लॅश लोन म्हणतात. हल्लेखोराने आदल्या दिवशी प्रस्ताव मांडून ठेवला होता. त्यातल्या एकात युक्रेनला अडीच लाख डॉलर मदत द्यायची होती, दुसऱ्यात तिजोरी स्वतःकडे वळवायची होती. मग सुमारे १०० कोटी डॉलर उसने घेऊन दोन तृतीयांशांहून जास्त मतं मिळवली आणि ठराव तातडीने अमलात आणला. व्यवस्थेचं सुमारे १८.२ कोटी डॉलरचं नुकसान झालं. कुलूप कोणी फोडलं नाही. मतदान झालं आणि ते नियमात बसलं.

बऱ्याच व्यवस्थांनी त्यानंतर ठराव आणि अंमल यांच्यात सक्तीची वाट पाहायला लावली, मत मोजायचं ते आधीच्या एका क्षणाची शिल्लक बघून, असे बदल केले किंवा आधीपासून केलेलेच होते. ते चांगलं आहे. पण उसनी मतं थांबली तरी विकत घेतलेली थांबत नाहीत. जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या कर्जव्यवस्थेत मोठ्या प्रमाणावर टोकन गोळा केलेल्या एका गटाने तिजोरीतली ४,९९,००० सीओएमपी टोकन, म्हणजे अंदाजे २.४ कोटी डॉलर, स्वतःच्या योजनेत टाकण्याचा ठराव आणला. आधीचे प्रयत्न फसले होते. या वेळी शनिवार-रविवार धरून मतदान झालं आणि ठराव ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ असा मंजूर झाला. एकूण टोकन एक कोटी. म्हणजे सात टक्क्यांपेक्षा कमी मतांनी तिजोरीचं दार उघडलं. पुढे तडजोड होऊन ठराव मागे घेतला गेला, हे त्या धारकांचं नशीब.

आमच्या सभेलाही कोरम होत नाही. अर्धा तास थांबून आम्ही अकरा जण निर्णय घेतो. न येणाऱ्यांवर मी चिडते, पण निदान त्यांच्या घराच्या भिंती अकरा जणांना विकता येत नाहीत.

मतदान केल्यावर जबाबदारी येते का, हेही विचारायला हवं. अमेरिकेत सीएफटीसी या नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये ऊकी नावाच्या टोकनधारकांच्या संघटनेवर खटला भरला. ज्यांनी टोकनने मत दिलं ते सगळे या नोंदणी नसलेल्या संघटनेचे सदस्य, अशी त्यांची मांडणी होती. जून २०२३ मध्ये निकाल नियामकाच्या बाजूने लागला आणि सुमारे ६.४३ लाख डॉलर दंड झाला. कंपनीच्या शेअरधारकाला मर्यादित जबाबदारीचं कवच असतं. इथे ते गृहीत धरू नका.

कराचं तर माझं रोजचं काम. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. खरेदी किंमत सोडून कुठलाच खर्च वजा होत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस. आणि तोटा कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही नाही. पुढच्या वर्षातही नेता येत नाही. आमच्याच इमारतीतला एक मुलगा आला होता. एका नाण्यात दोन लाख फायदा, एका गव्हर्नन्स टोकनमध्ये अडीच लाख तोटा. वर्षाअखेर खिशातून पन्नास हजार गेलेले, आणि कर भरायचा ६२,४०० रुपये. मी दोनदा आकडेमोड करून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याला हे आधी सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

गाऱ्हाणं न्यायचं कुठे? सेबीची देखरेख या टोकनवर नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टो बाजारांना मनी लाँडरिंग कायद्याखाली माहिती द्यावी लागते, पण ते काळ्या पैशासाठी आहे. तुमचा बुडालेला पैसा त्यातून परत येत नाही.

मग घेऊ की नको? बुडाले तरी घरचं रेशन, हप्ता, आईचं औषध अडणार नाही एवढेच पैसे असतील, आणि त्या व्यवस्थेचं कामकाज मनापासून समजून घ्यायचं असेल, तर माझी हरकत नाही.

आमच्या इमारतीतला तोच मुलगा यंदा परत आला, एका नव्या टोकनचं नाव घेऊन. मी त्याला म्हटलं, मागच्या ठरावाचं मतदान उघडून बघ, कोणी किती मतं दिली ते दिसतं. त्याने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, मोठ्यापासून छोट्याकडे यादी लावली आणि बोटाने बेरीज करत खाली येऊ लागला. तिसऱ्याच पत्त्यावर कोरम भरला. त्याने आणखी थोडं खाली जाऊन पाहिलं, मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "काकू, फॉर्म सोळा आणलाय, तो आधी बघून घ्या."