मुक्कामी गाडी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज वाचनकट्ट्यावर विषय होता कथा-कादंबऱ्यांतल्या आवडत्या जागा. बारा-तेरा जण होतो. कोणी कोकण म्हणालं, कोणी हिमालय, कॉलेजातल्या एका मुलीने मुंबईची शेवटची लोकल सांगितली आणि फार छान सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी पटकन "वाडा" म्हणाले आणि बसले. पण घरी येताना रिक्षात तेच डोक्यात, की मी वाडा का म्हणाले? वाडा आवडतो मला, ओटी, पडवी, माजघर, परसातली विहीर, सगळं आवडतं, पण माझी जागा ती नाही. माझी जागा मुक्कामी एसटी आहे. वीसेक वर्षं मी कथा लिहितेय, आणि त्यातल्या ज्या माझ्या मला पटल्या त्यातल्या निम्म्या त्या गाडीतून उतरल्यात. आणि लोकांनी विचारलं तेव्हा नेमकं तेच सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहून काढते.

ज्यांच्या गावाला मुक्कामी गाडी नव्हती त्यांना ती काय चीज आहे हे एकदम नाही कळायचं. तालुक्याच्या स्टँडवरून रात्री शेवटची गाडी सुटते, वाटेतल्या वाड्यावस्त्यांवर माणसं उतरवत उतरवत नऊ-साडेनऊला शेवटच्या गावात पोचते आणि तिथेच रात्रभर थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, कधी गाडीतच सीटवर, कधी देवळात, कधी चावडीत. सकाळी सहाला तीच गाडी पोरांना, दुधाच्या किटल्यांना, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्यांना घेऊन परत तालुक्याला. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर एसटीची पहिली गाडी धावली, आमच्या गावापर्यंत पोचायला तिला त्यानंतर बरीच वर्षं लागली, आणि ती आली ते साल आजीने कॅलेंडरसारखं वापरलं. अमक्याचं लग्न गाडी सुरू व्हायच्या आधी, तमकीचा पोरगा गाडी सुरू झाल्यावरचा. इसवी सनाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. मे महिन्यात आम्ही पोरं अंगणात बाजल्यावर पडलेलो असायचो आणि लांब ओढ्यापलीकडच्या चढावर दोन दिवे दिसायचे, मग गायब, मग परत वळणावर, आणि तेव्हा ते आमच्या समोरच्या भिंतीवरून सरकत जायचे, कोनाडा, दाराची चौकट, तुळशीवृंदावन असं एकेक उजळत. आधी कुत्री, मग इंजिनाची घरघर, मग पिंपळाच्या पाराशी गाडी वळताना कंडक्टरची सिंगल बेल. गाडी थांबली की पाच-दहा मिनिटं गाव पूर्ण जागं. कोण उतरलं, कोणाबरोबर उतरलं, हातात काय होतं, सगळं बघून झाल्यावरच कंदील मंद व्हायचे.

आता मला जे सांगायचंय ते हे. गोष्टीसाठी जागा शोधताना लोक बघतात की ती किती सुंदर आहे, किती भीतीदायक आहे, तिथे संध्याकाळ कशी होते. मी बघते की तिथे काय करता येत नाही. मुक्कामी गाडी ज्या गावात येते तिथे कोणालाही गुपचूप येता येत नाही, आणि एकदा आलं की सकाळी सहापर्यंत निघता येत नाही. एवढ्या दोनच गोष्टी, पण त्यांनी माणसं बांधली जातात. भांडण झालं तरी तिथेच बसायचं, ज्याला भेटायला आलात त्याने तोंड फिरवलं तरी रात्र तिथेच काढायची, कुठे काढायची ते गाव ठरवणार. बाकीचं काम माणसं आपोआप करतात, लिहिणारीने फक्त त्यांच्या मागे मागे जायचं.

म्हणूनच कॉफी शॉपमध्ये घडणाऱ्या गोष्टी मला वाचवत नाहीत. तिथून कधीही उठून जाता येतं. बिल द्या आणि चला.

चाळ मात्र या हिशोबात पक्की बसते. माझी एक मावशी वरळीला बीडीडी चाळीत राहायची, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर लांबच लांब कॉमन पॅसेज, टोकाला संडास आणि नळ. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती, इंग्रजांच्या काळात १९२० च्या दशकात बांधलेल्या. त्या खोलीत दिवसा दार लावता येत नाही. म्हणजे लावता येतं हो, पण दुपारी कोणाचं दार लागलं की अख्ख्या मजल्याला प्रश्न पडतो, काय झालं? मावशी आणि काका भांडायचे तेव्हा आवाज न काढता भांडायचे, ते मी डोळ्याने बघितलंय. मावशी तांदूळ निवडत असायची आणि राग आला की खडा ताटलीत टाकायच्या ऐवजी टिचकीने दाराबाहेर उडवायची. शब्द एकही नाही. काका पेपर घडी करून ठेवायचे, परत उघडायचे, परत घडी करायचे. त्या घडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. दार लावून भांडायची सोय असती तर हे दोघं माझ्या लक्षात राहिले असते का, कोणास ठाऊक.

आता तिथे टॉवर झालेत, पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्यासुद्धा मिळाल्या. मला मनापासून आनंद झाला. मावशी नाही आता, पण तिला स्वतःचा संडास घरात हवा होता, एवढंच हवं होतं तिला, ती किती वेळा म्हणायची. चाळ गेली म्हणून गोष्टी संपल्या असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही, कारण टॉवरमध्ये पण न करता येणाऱ्या गोष्टी आहेतच. आमच्याच सोसायटीत बघा, आता कोणालाही न कळवता दारात येता येत नाही. गेटवर नाव, फोन नंबर, मग घरच्या मोबाइलवर ॲप वाजतं, अमुक पाहुणे आलेत, आत सोडू का, हो किंवा नाही दाबा. नाही दाबायला एक सेकंद लागतो आणि नाही दाबणाऱ्याला समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. यात केवढी मोठी कथा आहे! कोणीतरी लिहा, नाहीतर मीच लिहिते.

आणखी एक जागा आहे, तिच्यावर अजून एक ओळसुद्धा मला लिहिता आलेली नाही. पळसदेव. आमच्या गावाहून लांब नाही. भीमेवर उजनी धरण झालं, १९८० च्या सुमाराला पाणी अडलं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, गाव वर येऊन वसलं, पण पळसनाथाचं जुनं देऊळ तिथेच राहिलं, बॅकवॉटरमध्ये. एरवी फार तर शिखराचा भाग दिसतो. उजनीचं एक वेगळंच आहे, ११७ टीएमसीचं (म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं) धरण, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, त्याच्या वरचं संपलं की शून्य टक्के, म्हणून दुष्काळी उन्हाळ्यात पेपरात येतं 'उजनी उणे वीस टक्के', 'उणे चाळीस टक्के', आणि बाहेरच्या माणसाला कळत नाही की पाणी शून्याच्या खाली कसं जातं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तर पाणी असं उणेमध्ये खोल गेलं की देऊळ वर यायला लागतं, मग आजूबाजूचे दगड, वीरगळ, घरांचे पाये.

२०२४ च्या उन्हाळ्यात गेले होते. जिथे एरवी होडी चालते तिथे भेगाळलेला गाळ, त्यावर शिंपल्यांचा चुरा, पायाखाली करकर वाजणारा. एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. एका चौथऱ्यापाशी थांबले, चपला काढल्या आणि चढले. मला वाटलं हेही देऊळ असेल. नातवाला म्हणाले, "हितं चूल व्हती." मग दोन पावलं डावीकडे सरकले आणि म्हणाले, "आन हितं मी निजायचो." पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, त्याने तो खाली केला. मी तिथून लांब झाले, त्यांच्या घरात उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं.

या जागेत काय करता येत नाही तर हवं तेव्हा जाता येत नाही. आणि जाता येतं ते नेमकं ज्या वर्षी ऊस वाळलाय, टँकर चालू आहेत, जनावरं विकायला काढलीत त्या वर्षी. चांगल्या वर्षी गाव पाण्यात, वाईट वर्षी गाव भेटणार. असं घर असलेल्या माणसाने पावसासाठी प्रार्थना करताना मनात नेमकं काय म्हणायचं? मला हा प्रश्न सुटत नाही म्हणून कथा सुरू होत नाही. माडगूळकरांची बनगरवाडी आठवते अशा वेळी. दुष्काळ पडतो आणि अख्खी वाडी माणसं-मेंढरं घेऊन निघून जाते, शाळामास्तर मागे राहतो. ती १९५५ ची कादंबरी, मी शाळेत असताना वाचली तेव्हा मेंढरं आणि मास्तर एवढंच दिसलं. आता वाचते तेव्हा दिसतं की माणदेशच्या त्या माळाने आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं, कोणी किती दिवस टिकायचं ते.

असो. मुक्कामी गाडीकडे येते, कारण झोप त्यामुळेच उडालीय.

मी आठ वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी. रात्री गाडी आली, माणसं उतरली, आणि सगळ्यात शेवटी एक बाई उतरली. गावातली नव्हती. तिच्याबरोबर जड काहीतरी होतं, कंडक्टरने एका बाजूने धरून उतरवलं, ते मला नीट आठवतं कारण कंडक्टर असं सहसा करत नाहीत. तिला घ्यायला कोणी आलं नव्हतं. ती पाराशी उभी राहिली. गाव बघत राहिलं. आणि मग एकेक दार लागायला लागलं, उन्हाळ्याच्या रात्री, जेव्हा सगळे अंगणात झोपतात तेव्हा. आजी उठली, काही न बोलता पाराशी गेली आणि तिला घेऊन आली. ती आमच्या ओट्यावर झोपली, आजी तिच्या शेजारी. सकाळी मला जाग आली तेव्हा आजी भाकरी फडक्यात बांधत होती, वर शेंगदाण्याची चटणी. सहा वाजून गेलेले. आत पोरं बसलेली, दूधवाले कुरकुरत होते, पण ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तो आमच्या दाराकडे बघत थांबला होता. ती आली, बसली, डबल बेल झाली, गाडी गेली.

ही गोष्ट मी तीनदा लिहिलीय. एकदा दिवाळी अंकाला पाठवली, परत आली. तिन्ही वेळा मी तिच्या हातात पत्र्याची ट्रंक दिली आणि तिन्ही वेळा कथा सकाळच्या भाकरीपाशी येऊन अडकली, पुढे सरकेचना.

कट्ट्यावरून आल्यावर साडेनऊला आत्याला फोन लावला. आजी गेली त्याला खूप वर्षं झाली, आत्या अजून त्याच घरात राहते. ती झोपायच्या तयारीत होती, पण त्या बाईचं नाव काढल्यावर पूर्ण जागी झाली. मी म्हटलं, आत्या, ती ट्रंकवाली बाई आठवते का गं तुला?

"ट्रंक कुठली? मशीन व्हती ती. शिवायच्या मशीनचं डोकं. गोणपाटात गुंडाळल्यालं."

मी गप्पच झाले. आत्या म्हणाली, "आपल्या ओट्याच्या कडंच्या फरशीचा टवका उडालाय न्हवं, तू लहान असताना त्यात सागरगोटे ठिवायचीस, तो त्येचाच. ठिवताना हातातनं सुटलं तिच्या."

तो टवका मला माहीत आहे. बोटाच्या पेराएवढा खोल, आत गुळगुळीत झालेला. माझं अख्खं लहानपण मी त्याच्या शेजारी बसून खेळले.

म्हणजे ती भेटायला आली नव्हती. भेटायला येणारी बाई शिवणयंत्र घेऊन येत नाही. ती राहायला आली होती, कमवून खायच्या तयारीने आली होती, आणि सकाळी तेच यंत्र घेऊन परत गाडीत बसली.

"कोणाकडं आली होती गं ती?" मी विचारलं.

आत्या जरा वेळ काहीच बोलली नाही. पंख्याचा आवाज येत होता तिच्या बाजूने.

"झोप आता," म्हणाली. "उद्या बोलू."