‘एवढं फक्त इंग्रजी तपासून द्या’

मंगळवार, रात्री

सत्र मध्यावर आलं की विद्यापीठातल्या आमच्या लेखन-मार्गदर्शन केंद्रातल्या भेटीच्या वेळा भराभर भरतात. पहिल्या असाइनमेंटचे गुण हातात पडलेले असतात आणि परदेशातून शिकायला आलेली मुलं एकच मागणी घेऊन येतात : एवढं फक्त इंग्रजी तपासून द्या. आज दिवसभर तेच ऐकलं, म्हणून झोपण्याआधी लिहायला बसले आहे.

सकाळी सार्वजनिक आरोग्य शिकणारी एक मुलगी आली. निबंधाखाली शेरा होता, वर्णन फार आहे, विश्लेषण कमी आहे, आणि भाषेकडे लक्ष द्या. तिच्या मनात राहिलं होतं ते फक्त शेवटचं. आम्ही निबंध उघडला. आर्टिकल (a, an, the) इकडेतिकडे चुकली होती, दोनचार ठिकाणी काळ घसरला होता, पण अर्थ कुठेही अडत नव्हता. अडचण निराळीच होती. प्रत्येक परिच्छेद कुणा संशोधकाच्या नावाने सुरू होत होता आणि त्याच्याच निष्कर्षावर संपत होता. लेखांचे सारांश एकाखाली एक मांडलेले, आणि लिहिणारी स्वतः कुठेच नाही.

मी विचारलं, “यातल्या कुणाचं म्हणणं तुला पटत नाही का?”

क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, “हा दुसरा अभ्यास फक्त शहरातल्या मोठ्या रुग्णालयांमधल्या रुग्णांवर केलाय. तो खेड्यांना लागू कसा करायचा?”

“मग हे लिहिलं का नाहीस?”

“मी विद्यार्थिनी आहे. एवढ्या मोठ्या माणसांबद्दल मी कसं लिहू?”

तपासायला हवं होतं ते हे. विश्लेषण तिच्याकडे तयार होतं, ते कागदावर आणायची मुभा आपल्याला आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही एकच परिच्छेद घेतला. पहिलं वाक्य तिच्या मताचं, त्याखाली दोन्ही अभ्यास पुराव्यादाखल, मग कोणत्या पुराव्यावर किती भार द्यायचा आणि का, आणि शेवटी ‘यावरून असं दिसतं’ एवढ्याच ठामपणाचा निष्कर्ष. तासभर त्या एका परिच्छेदावर गेला. मला तो तास सत्कारणी लागल्यासारखा वाटला. आर्टिकलना आम्ही हातही लावला नाही. ती दुरुस्ती आता संगणकही करून देतो. कोणत्या अभ्यासावर विसंबायचं हे मात्र तिलाच ठरवायचं आहे.

प्रवेशाच्या वेळी आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत चांगला बँड, म्हणजे चांगली श्रेणी, मिळवून आलेली मुलं इथे आल्यावर ‘माझं इंग्रजीच वाईट आहे’ म्हणू लागतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या परीक्षेत लेखनासाठी एक तास असतो आणि दोन मजकूर लिहायचे असतात, एक किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. त्यासाठी एकही शोधनिबंध वाचावा लागत नाही. तीन हजार शब्दांचा, दहा-पंधरा संदर्भ तोलून लिहायचा निबंध हे वेगळं काम आहे, आणि ते त्या परीक्षेने कधी मोजलेलंच नाही. रोजच्या बोलण्यातली सफाई आणि अभ्यासाची भाषा यांत फरक करायला हवा, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. त्यांचं काम मुख्यतः शाळकरी मुलांबद्दलचं, कोणती भाषा यायला किती वर्षं लागतात ही त्यातली गणितं मी प्रौढांना लावणार नाही. पण गप्पांमध्ये न अडखळणारा मुलगा आधीच्या संशोधनाचा आढावा लिहिताना गप्प होतो, हे मी नेहमी बघते.

शब्दसंग्रहाचंही असंच. भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली, अभ्यासाच्या इंग्रजीतल्या ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं म्हणजे एक कुल) यादी मुलं पाठ करून येतात. यादी उत्तम आहे, मीही सुचवते. मात्र आपल्या विषयाचा एखादा लेख घेऊन ते शब्द तिथे कुठल्या शब्दांसोबत येतात हे पाहिल्याशिवाय ते लेखणीत उतरत नाहीत.

दुपारी आलेला मुलगा घाबरलेला होता. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने मोठा टक्का दाखवला होता आणि आपल्यावर चोरीचा आळ येणार असं त्याला वाटत होतं. तो टक्का फक्त जुळणारा मजकूर दाखवतो. संदर्भसूची, अवतरणं, असाइनमेंटचा छापील प्रश्नसुद्धा त्यात धरला जाऊ शकतो. ते सगळं वगळल्यावर एक परिच्छेद उरला. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच, शब्द तेवढे बदललेले. याला लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी ‘पॅचरायटिंग’ म्हटलं, आणि ही लबाडी नसून नवी भाषा शिकतानाची एक पायरी असते, असा आग्रह धरला. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. नियमावली मात्र पुष्कळदा ही पायरी आणि खरी चोरी या दोन्हींना एकाच तराजूत तोलते, आणि त्यात नवखा भरडला जातो. त्याला मी मूळ लेख बंद करायला लावला, “लेखक काय म्हणतो ते मला सांग” म्हटलं. तो अडखळत का होईना, स्वतःच्या शब्दांत बोलला. तेच लिहून घेतलं, मग लेख उघडून अर्थ ताडून पाहिला आणि संदर्भ जोडला. संदर्भ एपीए पद्धतीने द्यायचा की हार्वर्ड, हा त्यानंतरचा प्रश्न, तो पाच मिनिटांत सुटतो.

हे सगळं नापास झाल्यावर का शिकवायचं? अभ्यासक्रमाआधीचे भाषावर्ग असतात, पण तेव्हा विषयच सुरू झालेला नसतो. गुण हाती आल्यावर आमच्याकडे पाठवलं की ते शिक्षेसारखं वाटतं, आणि ज्यांना खरी गरज आहे तीच मुलं लाजून येत नाहीत. इथल्याच भाषेत वाढलेल्या मुलांनाही परिच्छेद असा बांधायचा हे माहीत नसतं. एकाच वर्गात, सगळ्यांसमोर शिकवलं तर कुणीच वेगळं पडणार नाही.

उद्या विभागाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे. असाइनमेंटचा प्रश्न दिला जातो त्याच आठवड्यात विषयाच्याच तासाला मला अर्धा तास द्यावा. आधीच्या वर्षीचे दोन निबंध, लिहिणाऱ्यांच्या परवानगीने आणि नावं काढून, मुलांना वाचायला मिळावेत. एक बेताच्या गुणांचा, एक उत्तम. आणि ‘भाषेकडे लक्ष द्या’ असा शेरा लिहिणाऱ्याने निदान एका वाक्याखाली रेघ मारून तिथे काय खटकलं तेही लिहावं.