तुम्ही विचारलंत म्हणून : कार्बनच्या बुटांबद्दल

धुळ्यात नकाणे तलावाच्या रस्त्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर बँकेच्या रांगेत विचारलं. "मॅडम, कार्बन प्लेटचे बूट घेऊ का?" (म्हणजे जाड फोमच्या तळात कार्बनची ताठ पट्टी बसवलेले पळायचे बूट.) आणि लगेच, "तसं तुमच्या वेगाला एवढे महागडे बूट लागतात कशाला?" पहिल्या प्रश्नात सल्ला हवा असतो, दुसऱ्यात टोमणा असतो. मी हसून विषय बदलते. आज बदलत नाही.

टोमण्याचं आधी. मी किलोमीटरला साडेसहा मिनिटं घेते, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या जरा वर. या बुटांची कीर्ती ज्या अभ्यासावर उभी राहिली, त्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 18 पुरुष धावले होते, तेही ताशी 14 ते 18 किलोमीटरने. त्यांची ऊर्जा सरासरी 4 टक्के वाचली. पुढे 2023 मध्ये हळू पळणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा ताशी 10 किलोमीटरला बचत सरासरी एक टक्क्याच्या आतच भरली. काहींना तर फायदाच नाही. माझा वेग त्याहूनही कमी. हे सगळं वाचूनच मी वीस हजारांच्या वर मोजले. मला ते घालून पळायला आवडतं. बत्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड होत नाहीत. कुणी पन्नाशीत पैठणी घेतली तर "तुमच्या वयाला कशाला" असं तोंडावर विचारता का?

बरं, प्लेट प्लेट जे चाललंय, तिच्यावर आडवे काप देऊन ती निकामी केली तरी ऊर्जेच्या खर्चात फारसा फरक पडला नाही, असंही एका प्रयोगात दिसलं. खरं काम तो जाड, हलका फोम करतो. पण "फोमचे बूट" म्हटलं तर वीस हजार कोण देईल?

काही वर्षांपूर्वी मीच ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं की पळतात ते पाय, बूट नव्हे. दाखला दिला होता इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचा, 1960, रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन, अनवाणी सुवर्णपदक. भरपूर अंगठे मिळाले. तोच बिकिला 1964 ला टोकियोत बूट घालून जिंकला, रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर. हे मला तेव्हाही माहीत होतं. लिहिलं नाही, कारण लेख छान जमला होता. आज ते लिहिणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, वाद घालायला बसले, तर ती लगेच विचारेल, "मग त्या मुलीचं काय?"

त्या मुलीबद्दल तुम्ही मला थेट विचारत नाही, पण आपसात बोलता.

ती साक्रीकडची. देवपुरात खोली करून पोलिस भरतीची तयारी करायची. मुलींना 800 मीटर. 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20. मैदानी चाचणीच्या एकूण 50 गुणांत हे 20 सगळ्यात मोठे. ती कधी अनवाणी, कधी कॅनव्हासच्या बुटांत पळायची, आणि पूर्ण गुणांच्या अगदी उंबरठ्यावर होती. आमचं माप एक. एका सकाळी म्हणाली, "मॅडम, एक डाव घाली देखू का?"

मी दिले. सरळ पट्टीवर पळ, वळणावर नको, असं सांगितलंही. सरळ पट्टीवर ती अशी सुटली की कडेला सपाट्या मारणारी पोरं थांबून बघायला लागली. परत आली ती हसतच. म्हणे, पाय आपोआप उचलला जातोय. मग कुणीतरी स्टॉपवॉच काढलं. आता पूर्ण आठशे. मी नको म्हटलं का? म्हटलं असावं. मोठ्याने नाही. कारण मलाही आकडा बघायचा होता.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर घोटा बाहेरच्या बाजूला मुडपला. रस्त्यावरच्या शर्यतींच्या नियमाने या बुटांचा तळ 40 मिलिमीटरपर्यंत जाड चालतो. माझे जवळपास तेवढेच. उंच, मऊ, टाचेला अरुंद, आणि खाली सुटा मुरूम. डांबरी रस्त्यासाठी केलेली वस्तू ती. लिगामेंट दुखावलं, प्लास्टर चढलं. ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख तोंडावर.

संध्याकाळी तिचे वडील आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. पलंगाखालचे बूट त्यांनी उचलले, हातात तोलून बघितले. दोनशे ग्रॅम वजन, काहीच लागत नाही हाताला. मग विचारलं, "बूट कितलाना शेतस, ताई?"

मी म्हटलं, पाच हजार.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पाचही जास्तच वाटले असणार. खरी किंमत म्हणजे त्यांच्या तीन क्विंटल कापसाचे पैसे. ती माझ्या तोंडून निघाली नाही.

ग्राउंडला ती उभी राहिली, पळाली, पूर्ण गुण मिळाले नाहीत. मेरिट थोडक्यात हुकलं. घोट्यामुळे की गोळाफेकीमुळे, कोण सांगणार? तिचा गोळा आधीपासून कच्चा होता. हे वाक्य मी स्वतःच्या बचावासाठी लिहितेय, मला कळतंय. पण ते खरंही आहे.

त्यानंतर मी ते बूट टाकून दिले असते, तर तुम्हाला गोष्ट पटली असती. मी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला तेच घालून पळाले. पेडर रोडच्या चढावर तिची आठवण आली, आणि बूट छान चालले. दोन्ही.

आता पहिला प्रश्न. भरतीच्या पोरांनी घेऊ नयेत. मुरमाच्या मैदानावर तर नाहीच. पहिली मॅरेथॉन असेल तर साधे, रुंद पंजाचे बूट घ्या. संध्याकाळी पाय फुगलेले असतात तेव्हा मोजा घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. बायकांनी टाच आधी तपासावी: यातले बरेच बूट स्त्री-पुरुषांना एकाच साच्यात येतात, आणि माप बरोबर असूनही टाच आत हलते. आपल्याकडे असे बूट दुकानात घालून बघायला मिळणं अवघड, म्हणून ऑनलाइन मागवलेत तर परत घेतात का ते आधी विचारा. एवढ्यावरही घ्यायचेच असतील तर घ्या, रस्त्यावर पळा. किंमत मात्र मला विचारू नका, साइटवर बघा.